शब्दाचे कूळ आणि शब्दाचे मूल्य : जर्मानिक ‘गान्स’च्या निमित्ताने

१

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे मराठीत म्हटले जाते. शब्दांच्या बाबतीत मात्र हा संयम क्वचितच पाळला जातो. शब्दाची व्युत्पत्ती हाती आली की त्याचा ‘खरा’ अर्थ हाती आला, ही समजूत केवळ सामान्य वाचकाची नाही. समीक्षाव्यवहारातही ती सुखेनैव वावरत असते. एखाद्या संकल्पनेची चर्चा तिच्या धातूपासून सुरू करायची, धात्वर्थाला प्रमाण मानायचे आणि पुढच्या काळात त्या शब्दाला लाभलेल्या अर्थांना विकार ठरवायचे, ही रीत परिचयाची आहे. पाश्चात्त्य परंपरेत तर ‘एटिमॉलॉजी’ या संज्ञेच्या पोटातच ‘सत्य’ या अर्थाचा ग्रीक शब्द बसलेला आहे. त्यामुळे हा प्रश्न निव्वळ भाषाशास्त्रीय राहत नाही. मूळ आणि सत्य, मूळ आणि मूल्य यांचा परस्परसंबंध कोणता, हा नैतिक प्रश्न त्यात अनुस्यूत असतो. जन्मावरून प्रतिष्ठा ठरवणे ज्या समाजाच्या अंगवळणी पडलेले आहे, त्या समाजातील अभ्यासकांना तर तो टाळता येण्यासारखा नाही.

या प्रश्नाच्या तपासणीसाठी जर्मानिक भाषांतील एका पक्ष्याचे नाव फार उपयोगी पडते. जर्मन ‘गान्स’, इंग्रजी ‘गूस’ आणि संस्कृत ‘हंस’ हे एकाच पूर्वरूपाचे वंशज आहेत. पण पहिल्या दोन शब्दांनी मूर्खपणाचा निर्देश होतो, तर तिसऱ्याने विवेकाचा. रूपाने इतके निकटचे आणि मूल्याने इतके दूरचे सगोत्र शब्द विरळाच आढळतात. विवेचनाच्या सोयीसाठी पुढे ‘गान्स’ या नावाच्या पक्ष्याला ‘कलहंस’ म्हटले आहे आणि लांब, वक्र मानेच्या पांढऱ्या पक्ष्याला आजच्या मराठी रूढीनुसार ‘राजहंस’ म्हटले आहे. हा भेद गृहीत धरता येत नाही, तो का पाळावा लागतो, हेच या विवेचनाचे एक सूत्र आहे.

२

प्रथम रूपांचा विचार. जर्मनमध्ये ‘गान्स’, डचमध्ये लेखन तेच, उच्चार मात्र ‘खान्स’च्या जवळ जाणारा, स्वीडिश, डॅनिश व नॉर्वेजियनमध्ये ‘गोस’, जुन्या नॉर्समध्ये ‘गास’. इंग्रजीच्या पूर्वेतिहासात संघर्षी व्यंजनापूर्वीचा ‘न्’ लोपला आणि आधीचा स्वर दीर्घ झाला. जर्मन ‘उन्स’, ‘फ्युन्फ’, ‘मुन्ट’ यांच्या समोर इंग्रजीत ‘अस’, ‘फाइव्ह’, ‘माउथ’ उभे राहतात ते त्यामुळेच. ‘गान्स’ आणि ‘गूस’ यांच्यातील अंतर हे याच नियमाचे फलित आहे. ‘गीस’ हे अनेकवचन विद्यार्थी अपवाद म्हणून पाठ करतात. वास्तविक तेही एका नियमित प्रक्रियेचा अवशेष आहे. पुढील अक्षरातील ‘इ’काराच्या प्रभावाने मागचा स्वर बदलला, आणि मग तो ‘इ’कार स्वतःच नाहीसा झाला. कारण गेले, परिणाम उरला. आणि कारण विसरले गेल्यामुळे परिणामाला अपवाद म्हटले जाऊ लागले.

जर्मानिक ‘ग’ आणि संस्कृत ‘ह’ यांचा मेळही असाच नियमबद्ध आहे. संस्कृत ‘हरि’ व ‘हिरण्य’ यांचे आप्त जर्मानिक शाखेत ‘गोल्ड’ आणि पिवळ्या रंगासाठीचा जर्मन ‘गेल्प’ हे आहेत. ‘वह्’ या धातूचा आप्त गाडीवाचक ‘वागन’ हा आहे. रास्मुस रास्क याने १८१८ मध्ये आणि याकोब ग्रिम याने १८२२ मध्ये व्यंजनांचे असे मेळ पद्धतशीरपणे मांडले, आणि तेव्हापासून शब्दांचे नाते कानाला जाणवणाऱ्या साम्यावरून ठरवण्याऐवजी नियमांवरून ठरू लागले. त्याच न्यायाने लॅटिन ‘आन्सेर’, ग्रीक ‘खेन’ आणि लिथुएनियन ‘झांसिस’ हेही ‘हंस’ कुळात येतात.

या तुलनेतील एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. मूळ रूप कोणत्याही भाषेने जसेच्या तसे सांभाळलेले नाही. लॅटिनने आरंभीचा हकार गमावला, इंग्रजीने अनुनासिक गमावले, संस्कृतने आरंभीच्या स्पर्श व्यंजनाचा हकार केला, जर्मनने त्यातील महाप्राणत्व सोडले. अभ्यासक जे पूर्वरूप मांडतात त्याच्या डोक्यावर तारकाचिन्ह असते, आणि त्या चिन्हाचा अर्थच असा की, हे रूप कोठेही लिहिलेले सापडलेले नाही. ते अनुमानित आहे. तुलनात्मक भाषाशास्त्राची पद्धती काटेकोरपणे अनुसरली तर ती एका भाषेला जननी आणि इतरांना कन्या ठरवत नाही. ती सर्वांना भावंडे ठरवते, आणि प्रत्येक भावंडाने काही ना काही हरवलेले आहे असे दाखवते. ज्या शास्त्राचा उपयोग मूळपणाच्या अभिमानासाठी वारंवार करण्यात आला, त्याच शास्त्राच्या गाभ्यात त्या अभिमानाचे खंडन असावे, ही बाब चिंतनीय आहे.

३

आता अर्थाचा विचार. या शब्दाच्या जर्मानिक शाखेची एक अगदी जुनी लेखी नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार थोरला प्लिनी याच्या निसर्गेतिहासात मिळते. जर्मानियातील पांढरे, लहान चणीचे कलहंस ‘गान्ता’ या नावाने ओळखले जातात, असे तो नमूद करतो, आणि लगोलग त्यांच्या मऊ पिसांचा भाव सांगतो : एका रोमन पौंडाला पाच दिनार. ही पिसे मिळवण्यासाठी सैनिकी अधिकारी पहाऱ्यावरच्या तुकड्याच्या तुकड्या शिकारीला पाठवतात, अशी त्याची तक्रार आहे. शब्द लेखी इतिहासात प्रवेश करतो तो उशीत भरायच्या पिसांच्या बाजारभावासह. पुढील अर्थविकासाची दिशा या नोंदीत सूचित झालेली आहे असे म्हणता येईल. युरोपात कलहंस हा अंगणातला, मांसाचा, चरबीचा, पिसांचा आणि लेखणीचा पक्षी झाला. संत मार्टिनच्या सणाला, ११ नोव्हेंबरच्या सुमारास, तो जर्मनभाषक घरांत ताटात येतो. ज्याच्या पिसाने शतकानुशतके ग्रंथ लिहिले गेले, त्याच पक्ष्याचे नाव त्या ग्रंथांतून बुद्धिहीनतेचे प्रतीक म्हणून आले. चौसरच्या पक्षिसभेवरील काव्यात कलहंसी जलपक्ष्यांच्या वतीने बोलायला उभी राहते आणि उपहासाची धनी होते. स्वीडिश व डॅनिशमध्ये उपदेश वाया जाण्याला ‘कलहंसावर पाणी ओतणे’ म्हणतात. मराठीतील पालथ्या घड्याचे काम तेथे पक्ष्याच्या तेलकट पिसांकडे आले आहे.

या उपहासाला लिंगभावाचेही परिमाण आहे. जर्मनमध्ये ‘गान्स’ हा स्त्रीलिंगी शब्द आहे आणि नराचे नाव त्यापासून साधावे लागते. ‘मूर्ख गान्स’ ही शिवी जर्मनमध्ये आणि डचमध्येही स्त्रीला दिली जाते. संस्कृतात ‘हंस’ पुल्लिंगी आहे, आणि त्याच्यापासून ‘परमहंस’ ही संन्याशाची सर्वोच्च पदवी तयार होते. स्त्रीच्या वाट्याला तेथेही पक्ष्याची चाल आलेली आहे, पण ‘हंसगामिनी’ हे गौरवाचे विशेषण आहे. पक्ष्याची झुलती चाल दोन्हीकडे तीच. एका ठिकाणी ती डौल ठरली, दुसऱ्या ठिकाणी फेंगडेपणा.

भेदाचे कारण शब्दात शोधून सापडणार नाही. ते पक्ष्याशी असलेल्या माणसाच्या संबंधात आहे. भारतीय उपखंडात हिमालयापलीकडून येणारे कलहंस हे हिवाळी पाहुणे आहेत. त्यांतील पट्टकादंब मध्य आशियात आणि तिबेटच्या पठारावर वीण करतो, हिमालय ओलांडताना सात हजार मीटरांहून अधिक उंचीवर गेल्याची नोंद त्याच्या नावावर आहे, आणि महाराष्ट्रात जायकवाडी, उजनी यांसारख्या जलाशयांपर्यंत तो पोहोचतो. अमरकोशाने हंसाला दिलेल्या ‘मानसौकस’ या पर्यायात हे परत जाणे नोंदवलेले आहे : ज्याचे घर मानससरोवरी आहे असा. जो येतो, काही काळ राहतो आणि निघून जातो, ज्याचे खरे घर दृष्टीपलीकडे आहे, तो पक्षी जीवात्म्याचे प्रतीक व्हावा हे स्वाभाविक होते. जो अंगणात कोंडला गेला, ज्याचे उडणे त्याच्याच वजनाने आणि माणसाच्या सोयीने थांबले, तो मूर्ख ठरला. तेव्हा ‘मूर्ख गान्स’ ही उक्ती पक्ष्याविषयी फारसे सांगत नाही. ज्याला आपण बांधून ठेवले त्याच्या बांधलेपणालाच त्याचा स्वभाव म्हणण्याची जी मानवी खोड आहे, तिची ती साक्ष आहे.

या निष्कर्षाला जर्मानिक जगातूनच दुजोरा मिळतो. तेथेही रानटी कलहंस उपहासातून सुटलेला आहे. सेल्मा लागरल्यॉफच्या १९०६-०७ मधील नील्स होल्गरसनच्या कथेत वन्य कलहंसांची वृद्ध नायिका आक्का ही शहाणपणाची मूर्ती आहे, आणि शेतावरचा पाळीव नर तिच्या थव्यासोबत उडण्याची धडपड करतो. आइसलँडच्या प्रजासत्ताककालीन कायद्यांचा संग्रह तर ‘ग्रागास’, म्हणजे ‘करडा कलहंस’, याच नावाने ओळखला जातो. शब्द तोच, भाषाकुल तेच. संबंध पालटला की मूल्य पालटते.

४

दोन मूल्यव्यवस्थांची गाठ प्रत्यक्षात पडली ती भाषांतरात. महाभारतातील नलोपाख्यानात दूत होऊन जाणारा पक्षी हंस आहे. हेन्री हार्ट मिल्मन याने १८३५ मध्ये ते इंग्रजी पद्यात आणले, तेव्हा मूळ पक्षी तितकासा काव्यमय नसल्याचे टिपेत सांगून त्याने कलहंसांचे राजहंस करण्याची वाचकांकडे परवानगी मागितली. मिल्मनने निदान परवानगी तरी मागितली. त्यानंतरच्या अनेक भाषांतरांत ‘हंस’ म्हणजे ‘स्वॉन’ हे समीकरण कसल्याही टिपेविना रूढ झाले. डच संस्कृतज्ञ आणि पुरातत्त्ववेत्ता जां फिलिप फोगल याने भारतीय साहित्य व कला यांतील साक्षी गोळा करून ‘हंस’ हा कलहंसच असल्याचे प्रतिपादन केले. त्याचा हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १९६२ मध्ये, लायडन येथे प्रसिद्ध झाला. ‘फोगल’ या आडनावाचा अर्थ ‘पक्षी’ असा आहे, हा योगायोग भाषेच्या अभ्यासकाला सुखावणारा आहे. राजहंस भारतात अगदी क्वचित, तोही वायव्येकडे, भरकटून येतो. आणि जमिनीवर त्याची चाल अवघडलेली असते. ‘हंसगामिनी’ला ‘स्वॉन’च्या चालीची म्हणणे म्हणूनच अज्ञानमूलक आहे.

येथे नैतिक प्रश्न अधिक टोकदार होतो. भाषांतरकाराचा हेतू मूळ संहितेची प्रतिष्ठा राखण्याचा होता. ‘गूस’ म्हटले असते तर इंग्रजी वाचक हसला असता, आणि ते हसू मूळ काव्यावर अन्याय करणारे ठरले असते. म्हणजे पक्षी खरा ठेवला तर मूल्य खोटे होते, मूल्य खरे ठेवले तर पक्षी खोटा होतो. या पेचात मूल्याची निवड करणे अक्षम्य म्हणता येणार नाही. परंतु त्या निवडीने एक संधी कायमची दवडली. ज्याला आपली भाषा मूर्ख म्हणते त्याला दुसरी भाषा विवेकी म्हणते, हे कळून वाचकाला आपल्या भाषेकडे परक्या नजरेने पाहता आले असते. भाषांतराने तो धक्का शोषून घेतला. परक्या संहितेला आदर मिळाला, पण स्वतःच्या तुच्छतेची तपासणी करण्याची गरज उरली नाही. आदराची ही तऱ्हा सोयीची आहे. ती आदर करणाऱ्याला बदलत नाही.

या व्यवहाराचा परतीचा प्रवासही झाला. राजा रविवर्म्याच्या १८९९ मधील ‘हंस दमयंती’ या चित्रात दमयंतीसमोर उभा असलेला पक्षी लांब मानेचा राजहंस आहे. हान्स क्रिस्टियन अँडरसनच्या १८४३ मधील डॅनिश कथेतले कुरूप पिल्लू शेवटी ‘स्वाने’ निघते, ग. दि. माडगूळकरांच्या गीतातून ते मराठी घराघरांत गेले ते राजहंस होऊन. आजच्या मराठी बालकाच्या डोळ्यांसमोर ‘हंस’ म्हणताच उभा राहणारा पक्षी उत्तर युरोपातल्या तळ्यावरचा आहे. याला भ्रष्टता म्हणावे काय? तसे म्हणण्यापूर्वी जुन्या आयरिश भाषेची साक्ष घ्यावी. तेथे याच कुळातला ‘गेश’ हा शब्द राजहंसाचा वाचक आहे. जो अर्थपालट मराठीत आधुनिक काळात घडला, तो एका भावंडाच्या घरी मध्ययुगाच्या आरंभीच घडून गेलेला होता. शब्द एका पक्ष्यावरून दुसऱ्या पक्ष्यावर जाऊन बसतो, हा भाषेचा दोष नव्हे, व्यवहार आहे. प्रश्न उरतो तो या व्यवहाराची जाणीव ठेवण्याचा.

५

अँडरसनच्या कथेचा येथे थोडा अधिक विचार व्हायला हवा. पिल्लाचे दुःख संपते ते त्याच्या कर्तृत्वामुळे नव्हे, तर ते राजहंसाच्या अंड्यातून जन्मलेले आहे म्हणून. खरोखरच बदकाचे असते आणि कुरूपही असते, तर त्या पिल्लाला कथेने कोणता दिलासा दिला असता? याकोब ग्रिम आणि त्याचा भाऊ विल्हेल्म यांनी संकलित केलेल्या लोककथांतही कलहंस राखणाऱ्या मुलीची कथा आहे. ती मुलगी मुळात राजकन्या असते, आणि तिचे मूळ उघडकीस येते तेव्हाच न्याय होतो. ध्वनिनियम मांडणाऱ्या अभ्यासकानेच ही कथा जतन करावी, यात एकोणिसाव्या शतकाची एक मनोधारणा दिसते. दीन वेषाखाली राजकुल शोधायचे, घसरलेल्या रूपाखाली शुद्ध पूर्वरूप शोधायचे, आणि सापडलेल्या मुळाला प्रतिष्ठेचे प्रमाणपत्र मानायचे. कथेत हे निरुपद्रवी असते. इतिहासात ते तसे राहिले नाही. शब्दांच्या नात्यावरून रक्ताचे नाते आणि रक्ताच्या नात्यावरून श्रेष्ठता असा तर्क उभा राहिला. मॅक्स म्युलरने १८८८ मध्ये बजावले होते की, आर्य वंश, आर्य रक्त असे बोलणारा वंशशास्त्रज्ञ लांब डोक्याच्या शब्दकोशाविषयी बोलणाऱ्या भाषाशास्त्रज्ञाइतकाच अपराधी आहे. ती सूचना ऐकली गेली नाही.

विसाव्या शतकात प्रत्यक्ष पक्षीच या तर्कात ओढला गेला. प्राणिवर्तनाचा थोर अभ्यासक आणि १९७३ च्या नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी कोनराड लोरेन्ट्स याने करड्या कलहंसांचे अत्यंत प्रेमाने निरीक्षण केले. वन्य कलहंस आणि पाळीव कलहंसांशी झालेला त्यांचा संकर यांच्या वर्तनातील फरक पाहून पाळीवपणा म्हणजे ऱ्हास असा निष्कर्ष त्याने काढला, आणि १९४० मध्ये तो मानवसमाजाला लागू करताना नात्सी राजवटीच्या वंशशुद्धीची परिभाषा वापरली. पुढे त्याने त्याबद्दल खेद व्यक्त केला. परंतु या प्रकरणातील शिकवण खेदाने पुसली जात नाही. वन्य उदात्त आणि पाळीव हीन हा भेद ‘गान्स’ या शब्दाच्या वापरात आधीपासून रुजलेला होता. शास्त्राच्या भाषेत तो आला तेव्हा तो उपहास राहिला नाही. तो निवाडा झाला. शब्दातली तुच्छता निरुपद्रवी वाटते, कारण ती कोणावर चालवली जाईल हे आधी ठाऊक नसते.

६

मग व्युत्पत्तीचा उपयोग कोणता? भारतीय परंपरेत यास्काच्या निरुक्ताने ‘हंस’ हा शब्द ‘हन्’ धातूशी जोडला : वाट मागे टाकत जातो तो. योगपरंपरेने त्यात श्वासाचे दोन ध्वनी ऐकले आणि ते उलटवून ‘सोऽहम्’ वाचले. आधुनिक दृष्टीने ही दोन्ही निर्वचने ऐतिहासिक नाहीत. पण ती ऐतिहासिक असल्याचा दावा आधुनिक अर्थाने करतही नाहीत. शब्द कोठून आला यापेक्षा त्यात काय ऐकू येते, याचा शोध ती घेतात. निर्वचन आणि व्युत्पत्ती या दोन भिन्न क्रिया आहेत. एकीच्या निकषाने दुसरीला खोटे ठरवणे हा प्रमाणांचा गोंधळ आहे, आणि निर्वचनाला इतिहास म्हणून खपवणे हाही तितकाच गोंधळ आहे.

मूळचा भाषाशास्त्राचा प्राध्यापक असलेल्या नीत्शेने १८८७ मध्ये नीतीच्या वंशावळीचा शोध घेताना ‘चांगले’ व ‘वाईट’ यांसाठीच्या जर्मन शब्दांच्या व्युत्पत्तीचा आधार घेतला. मात्र त्याच ग्रंथात त्याने असेही ठासून सांगितले की, एखाद्या गोष्टीचा उगम आणि तिचा पुढील उपयोग या एकमेकींपासून सर्वस्वी वेगळ्या बाबी आहेत. ही दोन विधाने परस्परविरोधी नाहीत. उगमाचा शोध घ्यायचा तो उगमाची आज्ञा पाळण्यासाठी नव्हे. आज जे स्वयंसिद्ध वाटते ते कधीतरी घडवले गेले होते, हे दाखवण्यासाठी. ‘हंस’ आणि ‘गान्स’ शेजारी ठेवल्याने हंसाचा विवेक सिद्ध होत नाही, आणि गान्सचा मूर्खपणाही सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की, दोन्ही मूल्ये माणसांनी दिलेली आहेत. जे दिले गेले त्याची जबाबदारी देणाऱ्यावर असते.

जर्मन भाषेत अवतरणचिन्हांना ‘कलहंसाची पावले’ म्हणतात. डॅनिशमध्ये तीच चिन्हे ‘कलहंसाचे डोळे’ होतात. ज्या पक्ष्याला ही भाषा निर्बुद्ध म्हणते, त्याच्याच पावलांनी ती शब्दाभोवती खूण करते आणि वाचकाला सांगते की, हा शब्द येथे दुसऱ्याचा आहे, तो जपून वाचावा. समीक्षेला व्युत्पत्तीकडून घेण्यासारखा धडा याहून मोठा नाही. शब्द कधीच केवळ वापरणाऱ्याचा नसतो. तो इतरांच्या तोंडून, इतरांच्या अंगणांतून, इतरांच्या बाजारांतून आलेला असतो, आणि येताना त्यांचे प्रेम आणि त्यांची तुच्छता दोन्ही घेऊन आलेला असतो. त्याचे कूळ जरूर शोधावे. मात्र सापडलेल्या कुळावरून त्याची पंगत ठरवू नये.